आधी दोन तासं घालून पाहा

आर्वी रस्त्यावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात ऐकलेलं बोलणं डोक्यातून जात नाही. जूनचा शेवट, पहिला पाऊस पडून गेलेला, दुकानापुढच्या चिखलात डवरे, वखर, तिफनीची फणं असा सगळा पसारा. एका वयस्क कास्तकाराला सायकलच्या चाकावरच्या डवऱ्याची, म्हणजे कोळप्याची, पास (तण कापणारं आडवं पातं) बदलून पाहिजे होती. जुनी नऊ इंची, त्यांना हवी बारा इंची, म्हणजे सोयाबीनच्या दोन ओळींमधलं तण एकाच खेपेत निघेल. तरुण मिस्त्रीने नवी पास दांड्याला टेकवली, दोन ठिकाणी ठिणगी उडाली आणि डवरा परत हातात दिला. "काका, नुसता टॅक मारला. वावरात आधी दोन तासं घालून पाहा. जमलं तं पक्कं करून देतो, नाही तं हातोडीच्या एका ठोक्यानं उतरवतो." टॅक म्हणजे कच्चा जोड, आणि तास म्हणजे पिकाची एक ओळ. काकांना पटेना. "अन् मधातच तुटली तं?" मिस्त्री काच डोळ्यांवर ओढता ओढता म्हणाला, "तुटली तं बरंच झालं. जोर कुठं येते ते तं समजन."

मिस्त्रीचं खरं होतं. काकांची धास्तीही खरी होती. नवी वस्तू घडवण्याबद्दल जे जे म्हणून सांगता येईल, ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे असं वाटत राहतं.

शहरात या रीतीला मोठी नावं आहेत. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात मांडलं, की होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवं यंत्र घडतं तेव्हा एका खात्याने काम संपवून दुसऱ्याकडे ढकलायचं असं होत नाही. रग्बीच्या खेळाडूंसारखा सगळा संघ चेंडू एकमेकांकडे देत एकदमच पुढे सरकतो. २००१ साली अमेरिकेत युटातल्या स्नोबर्ड इथे सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू मोलाची, आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, हा त्याचा गाभा. पंधरा दिवसांत थोडं करा, वापरणाऱ्याच्या हातात द्या, तो अडखळेल तिथे बदला, पुन्हा द्या. यातलं काहीच चूक नाही. पण सॉफ्टवेअर चुकलं तर रात्रीतून दुरुस्त होतं. कापलेली पट्टी पुन्हा लांब होत नाही, आणि कापलेलं सोयाबीनचं रोप त्या हंगामात पुन्हा उगवत नाही. म्हणून गावात प्रयोग करताना पहिला प्रश्न 'किती लवकर शिकू' एवढाच पुरत नाही. शिकण्याची किंमत कोणाच्या खिशातून जाणार, हाही त्याच दमात विचारावा लागतो.

डवऱ्याचंच घ्या. दिसायला काय आहे त्यात? सायकलचं जुनं चाक, त्याला दोन बाजूंनी धरणारा पाईप, मागे रुमण्यासारखा दांडा आणि चाकामागे जमिनीला टेकणारी पास. एवढ्याशा वस्तूत चुकायच्या जागा मात्र भरपूर. पास जमिनीशी जास्त उभी झाली की मातीत रुतते आणि ढकलणाऱ्याच्या पोटात दांडा बसतो. फारच आडवी राहिली की वरवर घसरत जाते, तण नुसतं वाकतं आणि दुसऱ्या दिवशी मान वर करतं. साधारण पंधरा ते वीस अंशांपासून सुरुवात करून वावराच्या मातीप्रमाणे वर-खाली करावं लागतं. चाक आणि पास यांच्यातलं अंतर कमी ठेवलं तर धसकटं आणि काडीकचरा मधे अडकून चाकच थांबतं. वाढवलं तर धुऱ्यावर, म्हणजे बांधाशी, वळवताना त्रास होतो आणि चाक ढेकळावर चढलं की पास भलत्याच जागी वर-खाली होते. लहान पोरांच्या सायकलचं चाक हलकं खरं, पण ढेकळावरून मोठं चाक जितकं सहज जातं तितकं ते जात नाही. आमच्या काळ्या मातीत वाफसा यायच्या आधी, म्हणजे माती कामापुरती सुकायच्या आधी, घातलं तर चाकाला आणि पाशीला मातीचा असा लिंपा बसतो की दर दहा पावलांना काडीने खरडावं लागतं. अठरा इंचांच्या ओळीत नऊ इंची पास घातली तर दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच मोकळे राहतात. बारा इंची घातली की तीन-तीनच. हात जरा हलला, चाक जरा डगमगलं, की मुळाला धक्का. काकांच्या मागणीत धोका होता तो एवढाच, आणि मिस्त्रीने तो ओळखला होता.

आता यात बदल करायचा तर पहिलं काम लोखंड कापायचं नाही. कागदावर शंका लिहायच्या, आणि जी खोटी ठरली तर बाकी सगळंच फुकट जाईल ती सगळ्यात वर. बारा इंची पाशीच्या बाबतीत ती शंका पाशीच्या धारेची नाही, वेल्डिंगच्या मजबुतीची नाही. दुपारी दोन वाजता थकलेला माणूस तीन इंचांच्या मोकळ्या जागेत डवरा सरळ नेऊ शकेल का, ही आहे. ती तपासायला नवी पाससुद्धा लागत नाही. जुन्या डवऱ्याला बारा इंचांची बांबूची चिपाटी सुतळीने आडवी बांधायची, जमिनीपासून चार बोटं वर, आणि एका ओळीच्या टोकापर्यंत चालत जायचं. चिपाटी किती रोपांना घासते ते मागून चालणाऱ्याने मोजायचं. खर्च शून्य, नुकसान शून्य, वेळ दहा मिनिटं. बहुतेक जण हे सोडून थेट पास बनवायला बसतात, कारण वस्तू बनवण्यात हाताला आनंद असतो आणि शंका तपासण्यात नसतो.

चिपाटीतून पार पडलं तर मग लोखंड. प्रयोगाच्या डवऱ्यात शक्यतो काहीच पक्कं जोडू नये. दांड्याला गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडावी, म्हणजे बोल्ट सैल करून पाशीचा कोन बदलता येतो. चाक धरणाऱ्या पाईपला एक-एक इंचावर भोकं पाडावीत, म्हणजे अंतर बदलता येतं. पास जुन्या गाडीच्या पाट्याची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीची, असेल तर ती बोल्टनेच कसावी. पाट्याचं लोखंड धार छान धरतं, पण साध्या रॉडने वेल्ड केलं की जोडाच्या शेजारची जागा कडक होऊन ठिसूळ बनते, आणि दगड लागला की नेमकी तिथेच तडकते. वेल्ड शाबूत, शेजारचं लोखंड तुटलेलं. साध्या पट्टीला टॅक चालतो. कोन मोजायला शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला नट एवढं पुरतं. ओढ मोजायला कापूस मोजायचा लटकता काटा डवऱ्याच्या पुढच्या बाजूला दोरीने बांधावा आणि दुसऱ्या माणसाने काट्याला धरून सारख्या चालीने ओढावं. आकडा नाचत राहतो, म्हणून एका ओळीत पाच-सहा वेळा वाचून मधला धरावा. तो आकडा बरोबर की चूक याला अर्थ नाही; दोन पाशींमधला फरक महत्त्वाचा.

एका वेळी एकच बदल. हे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यात अवघड. पास रुंद केली, त्याच दिवशी दांडाही उंच केला आणि चाकाचा टायरही काढला, तर काम हलकं झालं ते कशामुळे हे देवही सांगू शकत नाही. आणि नव्याशेजारी जुनं पाहिजेच. एक ओळ जुन्या पाशीने, शेजारची नव्या, पुन्हा जुन्या, पुन्हा नव्या. सगळी नवी तासं वावराच्या एका बाजूला घेतली तर फरक पाशीचा की जमिनीचा हे कळत नाही, कारण उताराकडची माती नेहमीच जास्त ओली असते. वही साधी दोनशे पानी. तारीख, शेवटचा पाऊस कधी, माती कशी, कोणी ढकललं, किती वेळा थांबावं लागलं, किती रोपं कापली गेली, आठ दिवसांनी किती तण पुन्हा उभं राहिलं. 'चांगलं चाललं' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही.

चांगलं तर सगळेच म्हणतात.

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाने मेहनतीने बनवलेली वस्तू दाखवली की कोणी तोंडावर वाईट बोलत नाही. चहा देतात, डवरा हातात घेऊन चार पावलं चालतात, "बेस हाये" म्हणतात. त्या शब्दांवर पन्नास डवरे बनवणाऱ्याचं दुकान बसतं. म्हणून विचारू नये, पाहावं. डवरा आठ दिवस ठेवून यावा आणि न सांगता परत जावं. गोठ्याच्या भिंतीला उभ्या डवऱ्याची पास आरशासारखी चमकत असेल तर तो रोज वावरात गेला आहे. पाशीवर तांबूस गंज धरला असेल, तर तोंडाने काहीही सांगोत, तो पहिल्या दिवसानंतर हललेला नाही. कधी कधी पास अर्धीच चमकते, डावी बाजू लखलखीत आणि उजवी काळपट. म्हणजे पास तिरपी बसली आहे, किंवा ढकलणारा एका बाजूला जोर देतो आहे कारण दांडा त्याच्या उंचीचा नाही. लोखंडावर हा सगळा जबाब लिहिलेला असतो. दांड्यावर कोणी चिंधी गुंडाळली असेल तर तिथे हात सोलतो आहे. कोणी तारेने दगड बांधला असेल तर वजन कमी पडतं आहे. माणसांनी स्वतःच्या हाताने केलेल्या अशा दुरुस्त्या म्हणजे पुढच्या नमुन्याचा आराखडाच. त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि चिंधी अजिबात काढू नये.

आणि वापरून पाहायला द्यायचा तो कोणाला, हेही जपून ठरवावं. निंदण करतात बाया, आणि नव्या डवऱ्याची चाचणी घेतात धुऱ्यावर उभे असलेले पुरुष, हे चित्र सगळीकडे दिसतं. दांड्याची उंची पाच फूट आठ इंचांच्या मिस्त्रीच्या कमरेला बेतलेली असते आणि चालवणारी असते पाच फुटांची. मग खांदे वर चढतात, तासाभरात मान धरते, आणि 'बायांना यंत्र चालवता येत नाही' असा शेरा बसतो. दांड्याला तीन भोकं जास्त पाडली की हा प्रश्न मिटतो. पहिल्या नमुन्यापासून ज्या बाईच्या हातात तो वर्षभर राहणार तिच्याच हातात द्यावा, आणि त्या दिवसाची तिची मजुरी पूर्ण द्यावी. फुकट चाचणी घेतली की ती उरकून टाकली जाते.

शेवटची कसोटी इसाराची. सगळं आवडलं म्हणणाऱ्याला विचारायचं, पुढच्या मृगाला एक बनवून ठेवू का, इसार किती देता? शंभराची नोट निघाली तर गरज खरी. "पाहू मंग" निघालं तर वही पुन्हा उघडायची.

अडचण ऋतूची आहे. सोयाबीनला पहिलं डवरण पंधरा-वीस दिवसांनी, दुसरं महिनाभरात. त्यानंतर पीक ओळी झाकतं आणि डवऱ्याचं काम संपतं. त्यातही पाऊस सोडून वाफशाचे दिवस किती मिळतील हे कोणाच्या हातात नाही. या खिडकीत पहिला नमुना फसला आणि दुसरा बनवायला तीन आठवडे गेले, तर वर्ष गेलं. म्हणून फेऱ्या आखडाव्या लागतात. दुकानासमोरच्या पडीक जागेत चार-चार ओळींचे तुकडे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरले, तर योग्य वयाचं पीक दीड-दोन महिने हाताशी राहतं. रब्बीतला हरभरा, पाणी असेल तिथला उन्हाळी मूग, यांच्यावर कोन आणि ओढ तपासता येते. माती वेगळी वागते, पण मोठ्या चुका तिथेच गळून पडतात. आणि गावाकडे पंधरवड्याच्या बैठकीपेक्षा चांगली घडी आधीच बसलेली आहे, ती म्हणजे आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच. डवरा सोबत आणला तर दुपारपर्यंत बदल करून संध्याकाळच्या गाडीने परत नेता येतो. एका हंगामात चार-पाच बाजार मिळाले तरी चार-पाच फेऱ्या होतात. त्यासाठी मिस्त्रीने त्या दिवशी दुसरं मोठं काम अंगावर घ्यायचं नाही, एवढं पथ्य.

पूर्वेकडे, धानाच्या पट्ट्यात, एका माणसाने हेच वर्षाला एक फेरी घेत केलं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दाणे जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात काही फुटांच्या तुकड्यात पेरले, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काट्यांचं कुंपण घालून. जमीन मोजकीच होती, त्यात फार मोठा जुगार शक्य नव्हता; पण तीन लोंब्यांचा तुकडा पूर्ण फसला असता तरी घरातलं पोट त्याच्यावर अवलंबून नव्हतं. वर्षामागून वर्ष निवड करत ते बियाणं वाढलं. मग शेजारच्या एका शेतकऱ्याने ते नेऊन मोठ्या क्षेत्रावर पेरलं, धान बाजारात गेलं आणि तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या घड्याळावरून व्यापाऱ्याने त्याला एचएमटी हे नाव दिलं. बारीक दाण्याचा तो तांदूळ आज कुठल्या घरात शिजत नाही? २०१८ साली दादाजी गेले. सन्मान झाले, पण त्या तांदळाने जेवढा पैसा फिरवला त्यातला अगदी किरकोळ त्यांच्यापर्यंत पोचला. प्रयोगाची जोखीम एकाची आणि फायदा दुसऱ्याचा, ही गाठ अजून सुटलेली नाही, आणि प्रयोगशीलतेवर भाषणं देणाऱ्यांनी ती आधी सोडवायला घ्यावी असं मनापासून वाटतं.

उलट रस्त्याचं उदाहरणही जवळच आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे इतके प्रकार ठेवले आहेत की एक सकाळ पुरत नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी नेमक्या होत्या: झोपडीत चालावा, बाईला फार श्रम न होता सलग आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकावा, वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. आजही कोणत्याही नव्या अवजाराला याच अटी लावाव्यात, इतक्या त्या शहाण्या आहेत. पण बक्षीस कोणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी एकाच यंत्रात, एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्या होत्या. नंतर तामिळनाडूतल्या एकांबरनाथांच्या हातून अंबर चरखा आला, आणि तोही पुढे कितीतरी हातांनी बदलत गेला. अट शेवटी कुठे पोचायचं ते सांगते. पहिली पायरी कुठली, हे ती सांगत नाही.

हीच रीत डाळीच्या छोट्या चक्कीलाही लागते, आणि तिथे ऋतूची घाई नाही. बचत गटाची चक्की आली की उत्साहात पहिल्याच दिवशी दोन क्विंटल तूर घालतात आणि निम्मा माल चुरीत जातो. त्याऐवजी पाच-पाच किलोच्या खेपा कराव्यात. चाळून एका आकाराची तूर घ्यायची, चक्कीतून एकदा हलकीच काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, क्विंटलला दोनशे ते पाचशे ग्रॅम या हिशेबाने जवसाचं तेल चोळायचं, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, मग क्विंटलला दोन-तीन लिटर पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवायची, वाळवून भरडायची. एका खेपेत तेल बदला, दुसरीत झाकायचा वेळ. डाळ, चुरी आणि टरफल वेगवेगळं तोला. शंभर किलोत सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ हे धरायचं माप. ओरखडे कमी पडले तर तेल आत शिरत नाही आणि टरफल चिकटून राहतं. जास्त पडले तर डाळीच्या कडा झिजून पिवळं पीठ होतं. सगळ्या खेपांची डाळ एकाच चुलीवर, एकाच पाण्यात शिजवून पाहिल्याशिवाय पाकिटावर नाव छापायला टाकू नये.

पक्कं कधी करायचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: सलग दोन बाजारांत वहीत नवी तक्रार आली नाही की. तोवर साचा बनवायचा नाही, लेझरने पट्ट्या कापून आणायच्या नाहीत, रंगही द्यायचा नाही. साच्यावर पैसे घातले की माणूस चूक मान्य करायला कचरतो, आणि रंग दिला की वापरणारा त्यावर दगड बांधायला.

आता काकांच्या धास्तीकडे. तिला आकड्यात उत्तर आहे. एकराचा चौकोन धरला तर बाजू सुमारे दोनशे आठ फूट, अठरा इंचांनी एकशे अडतीस-एकोणचाळीस तासं होतात. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर एका तासामागे पावणेसहा किलो. नव्या पाशीने दोन तासं पार उपटून काढली तरी साडेअकरा किलो. अख्ख्या एकरावर घातली आणि फसली तर आठ क्विंटल, म्हणजे कृषी केंद्राची उधारी, पोरीची फी, सगळंच. प्रयोग करणाऱ्याने वावरात पाय ठेवायच्या आधी तासांची संख्या ठरवावी, ती वहीत लिहून दोघांनी सही करावी, तेवढ्या तासांचं पूर्ण उत्पन्न त्या दिवशीच्या बाजारभावाने आधीच रोख द्यावं, आणि पीक चांगलं आलं तरी ते परत मागू नये. चार पाशी, प्रत्येकी दोन तासं: आठ तासं, सेहेचाळीस किलोंचे पैसे. एवढे पैसे ज्या दुकानदाराकडे, संस्थेकडे किंवा कंपनीकडे नाहीत, त्यांनी दुसऱ्याच्या वावरात 'करून पाहू' म्हणू नये. आणि ते दिल्यावर पास तुटली तर काकांनीसुद्धा तुटलेले तुकडे फेकून न देता पिशवीत घालून बाजाराच्या दिवशी मिस्त्रीकडे आणावेत. तुटलेली कड पाहिल्याशिवाय पुढची पास कशी वाकवायची ते त्याला ठरवता येत नाही.